सातवी हिरवळ

माझी बहीण हुल्डा, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पूर्वी लाल जिरेनियमच्या कुंड्या असायच्या. आता तिथे स्कीरचे, म्हणजे आमच्याकडच्या घट्ट दह्याचे, रिकामे डबे रांगेने मांडलेले असतात आणि प्रत्येक डब्यात वाळकं, पिवळं, मेल्यासारखं दिसणारं गवत. डब्यांवर तिच्या नवऱ्याने, ओडगेरने, मार्करने आकडे घातलेले. नवखं माणूस बघेल तर म्हणेल, या घरात कोणाचं तरी डोकं फिरलंय. फिरलेलंच आहे. पण गावात ते कोणी बोलून दाखवत नाही, कारण त्या डब्यांकडे सगळं सेलवीक गाव डोळे लावून बसलेलं असतं.

ओडगेर आमच्या गोल्फच्या मैदानाची राखण करतो. मैदान कसलं, जुनी मेंढ्यांची कुरणं ती. डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या पट्टीवर नऊ होल आणि प्रत्येक होलभोवती बारीक कापलेली एकेक हिरवळ. बाकी मैदानात मेंढ्या शिरल्या, पक्ष्यांनी अंडी घातली, तरी कोणी काही म्हणत नाही. हिरवळ मात्र जगली पाहिजे. ती मेली तर उन्हाळा गेला. जूनमध्ये सूर्य मावळायचं विसरतो, मासळीच्या कारखान्यातून सुटलेली माणसं जेवणं आटोपून बॅगा खांद्याला लावतात आणि अंगात बळ असेतो खेळत राहतात. सगळा हिवाळा आम्ही त्या उजेडाच्या आशेवर काढतो.

नोव्हेंबरात सूर्य डोंगराच्या मागे जातो तो जानेवारी संपताना एकदाचा शिखरावरून डोकावतो. त्या दिवशी घरोघरी कॉफीबरोबर पातळ गोड धिरडी होतात, त्याला आम्ही सूर्याची कॉफी म्हणतो. धिरडी खाऊन झाली की ओडगेर उठतो. गोल पात्याचं नळकांडं घेऊन मैदानावर जातो, बर्फ उकरतो आणि प्रत्येक हिरवळीतून मातीसकट एक तुकडा कापून आणतो. तो तुकडा डब्यात घालून खिडकीत ठेवायचा. घरातल्या उबेने आठवड्या-दीड आठवड्यात कोंब फुटले तर ती हिरवळ बर्फाखाली जिवंत आहे. नाही फुटले तर नाही. मग लोक येतात. कॉफी प्यायला म्हणून येतात आणि डब्यांत नाक खुपसतात.

"माझी फुलं बघायला कधी कोणी आलं नव्हतं," हुल्डा म्हणायची.

मी स्टेनुन, तिची धाकटी बहीण. घर शेजारीच. तरणतलावावर काम करते, म्हणजे टॉवेल देते, पोरांना न्हाऊन आत शिरा म्हणून ओरडते, आणि गरम पाण्याच्या कुंडात बसून लोक जे बोलतात ते ऐकते. लग्न केलं नाही. हुल्डाचं बघून कानाला खडा लावला असं मी सांगते, ते अर्धं खरं आहे.

कारण हुल्डाचं लग्न म्हणजे ती खिडकी. ओडगेर तरुणपणापासून मासेमारीच्या मोठ्या बोटीवर होता. बोट गेली की आठवडेच्या आठवडे गायब. स्वयंपाकघराची खिडकी खाडीच्या तोंडाकडे आहे. हुल्डा बटाटे सोलायची तीही तिथे उभी राहून. वारा सुटला की तिचे हात थांबायचे. कोणी विचारलं तर म्हणायची, "मी कुठे वाट बघतेय, मी बटाटे सोलतेय." तिच्या आयुष्याची सगळी तरुण वर्षं अशी बटाट्यांत गेली.

मग ओडगेरचा गुडघा गेला आणि तो कायमचा जमिनीवर आला. मी हुल्डाला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. तिने दोन निळ्या बॅगा विकत घेतल्या, एकसारख्या. तिला थंडीने सांधे धरायचे, अंधार अंगावर यायचा. दर हिवाळ्यात दोघांनी दूर दक्षिणेला, तेनेरिफच्या उबदार बेटावर जायचं, उन्हात बसायचं, असं तिने केव्हापासून ठरवून ठेवलं होतं. ओडगेर हो म्हणाला होता. तो नेहमी हो म्हणतो, तोच तर त्याचा दोष आहे. कारण त्याच शरद ऋतूत क्लबाचा अध्यक्ष एगिल आला आणि म्हणाला, "ओडगेर, तू आता मोकळाच आहेस. हा एक हिवाळा तेवढ्या हिरवळी बघ ना." आणि ओडगेर त्यालाही हो म्हणाला.

तो एक हिवाळा काही संपला नाही.

माणूस समुद्रावरून उतरला तरी त्याला काहीतरी लागतं ज्याच्यासाठी पहाटे उठावं, आभाळाकडे बघावं, काळजी करावी. ओडगेरला ते गवत मिळालं. हिवाळा लागायच्या आत तो हिरवळींवर वाळू पसरायचा, पाणी साचू नये म्हणून कडेने चर काढायचा, जाळीची आच्छादनं घालून कडांना दगड ठेवायचा. वाऱ्याने आच्छादन उडालं की त्याच्यामागे लंगडत धावायचा. मऊ बर्फ पडला की खूश व्हायचा, कारण मऊ बर्फाखाली गवताला ऊब असते. भीती होती ती काचेची. बर्फावर पाऊस पडतो, मग कडाक्याची थंडी येते, आणि सगळ्यावर जाड टणक थर धरतो. त्याला आम्ही काच म्हणतो. काचेखाली गवताचा श्वास कोंडतो. पहिल्याच हिवाळ्यात ओडगेरने काच तशीच राहू दिली होती. वसंतात ती फुटली तेव्हा खालून आंबलेला वास आला आणि नऊच्या नऊ हिरवळी गेलेल्या. गाव सगळा उन्हाळा मातीवर खेळलं. कोणी त्याला एक शब्द बोललं नाही, आणि तेच त्याला लागलं. तेव्हापासून काच दिसली की त्याला अन्न गोड लागायचं नाही.

हुल्डा पहिल्या वर्षी दोन आठवडे एकटी गेली. पुढल्या वर्षी महिनाभर. नंतर ऑक्टोबरात जायची ती एप्रिलमध्ये यायची. निळ्या बॅगांपैकी एक कपाटावर धूळ खात राहिली. आता वाट बघायची पाळी ओडगेरची होती, आणि खिडकी तीच होती. रोज कॉफीच्या वेळी दोघं फोनवर एकमेकांचं तोंड बघत. ती त्याला समुद्र दाखवायची, तो तिला डब्यातलं गवत दाखवायचा. दोघंही म्हणायचे, "छान आहे." मी समोर बसलेली असायचे आणि मला उठून दोघांच्या थोबाडीत एकेक द्यावीशी वाटायची.

"काय ओडगेर," एगिल एकदा कुंडात म्हणाला, "बायको उन्हात, तू बर्फात. तुमच्यात शहाणं कोण?"

"तीच."

"मग जा की तिच्याकडे."

"आणि हिरवळीवर पहारा तू देशील?"

"माझ्या वजनानेच मरतील त्या," एगिल म्हणाला, आणि कुंडातले सगळे हसले. ओडगेरही हसला. मग तो हनुवटीपर्यंत पाण्यात सरकला आणि बराच वेळ डोंगराकडे बघत राहिला.

गेल्या हिवाळ्यात गोष्ट अशी झाली की हुल्डाला मार्चमध्ये सत्तर वर्षं पुरी होणार होती. आमच्याकडे असले वाढदिवस कोणी चुकवत नाही. माणसाला बोलता येत नसलं तरी उठून भाषण करावं लागतं. नाताळात तिने फोनवर ओडगेरला सांगितलं, "मला भेट नको, फुलं नकोत. तू ये. माझ्या शेजारच्या खुर्चीत तू बस, एवढंच मागते." तिने आयुष्यात त्याच्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. ओडगेर हो म्हणाला. पण या वेळी त्याने तिकीट काढलं. माझं आणि त्याचं, शेजारशेजारच्या जागा. बॅग कपाटावरून खाली आली. त्याने भाषणही लिहिलं आणि तलावावर येऊन मला वाचून दाखवलं. त्यात निम्मं हवामान होतं, तरी शेवटची दोन वाक्यं ऐकताना मी टॉवेलांच्या घड्या घालायला लागले, त्या आधीच घातलेल्या होत्या.

सूर्याच्या कॉफीनंतर ठेवलेल्या नऊही डब्यांना कोंब आले. सातव्याला सगळ्यांत आधी. सातवी हिरवळ टोकावर आहे, डोंगराच्या कुशीत, जिथे आमच्या वडिलांचं गवताचं शेत होतं. ती बांधली तेव्हा हुल्डाने स्वतः किनाऱ्यावरून काळी वाळू बादल्यांनी वाहिली होती. ओडगेर म्हणाला, "बघ, सगळं ठीक आहे. आता मी निर्धास्त येतो." हे त्याने हुल्डालाही सांगितलं.

आम्ही निघायच्या आठवड्यात पाऊस आला.

दक्षिणेचा गरम वारा, मुसळधार पाऊस, सगळा बर्फ भिजून चिंब. दुसऱ्या दिवशी वारा फिरला, आभाळ निवळलं आणि सगळं गाव काचेखाली गेलं. रस्त्यावर चालायची सोय नव्हती. मी बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या लावून मैदानावर गेले. ओडगेर तिसऱ्या हिरवळीवर गुडघे टेकून बसला होता आणि हाताच्या मुठीने काचेवर ठोकून बघत होता.

"उठ," मी म्हणाले. "बॅग भरली का?"

"स्टेनुन, ही काच राहिली तर सगळ्या हिरवळी जातील."

"जाऊ देत."

"दोन दिवस दे मला. वाळू टाकतो, जरा ऊन लागलं की फोडून काढतो. तू पुढे हो, मी मागून येतो. वाढदिवसाला अजून अवकाश आहे."

"ओडगेर, गवत पुन्हा पेरता येतं. सत्तरी पुन्हा येत नाही."

"मला कळतं ते."

"तुला काही कळत नाही. तिने एक खुर्ची मागितलीय तुझ्याकडे."

तो उठला. त्याच्या गुडघ्यावर पाण्याचा काळा डाग पडला होता. "लोकांनी हे माझ्या भरवशावर सोडलंय," तो म्हणाला. "आणि हुल्डा... हुल्डा समजून घेते."

हे वाक्य मी त्याला अजून माफ केलेलं नाही. समजून घेणाऱ्या माणसाला जगात सगळ्यात शेवटी वाढतात.

मी एकटी गेले. विमानात शेजारची जागा रिकामी होती, तिच्यावर मी माझा कोट ठेवला. ओडगेर मागून येणार होता, पण काच त्याला वाटली त्यापेक्षा जाड निघाली. त्याने किनाऱ्यावरची काळी वाळू वाहून काचेवर पसरली. काळ्या रंगाला ऊन लागलं की खालचा थर सैल होतो, मग तो पहार घालून ढलप्या काढायचा आणि खांद्यावरून कडेला फेकायचा. एक झाली की दुसरी. सातवीकडे जायचा रस्ता मात्र हिमकडा कोसळण्याच्या धोक्यामुळे बंद केला होता. तिथे जाता येईना म्हणून तो तळमळत होता, हे मला एगिलने फोनवर सांगितलं. "मी म्हटलं त्याला, जा आता," एगिल म्हणाला. "पण तो ऐकतो कुठे."

वाढदिवसाला हुल्डाने निळा झगा घातला होता. बॅगेच्याच रंगाचा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तेनेरिफमध्ये हिवाळा काढणारी आमच्याकडची बरीच माणसं जमली होती, सगळ्यांची नाकं उन्हाने सोललेली. गाणं म्हटलं, केक कापला. हुल्डाच्या उजवीकडची खुर्ची रिकामी होती आणि कोणी चुकून तिच्यावर बसायला लागलं की हुल्डा नुसता हात ठेवायची खुर्चीवर. फोन वाजला. तिने सगळ्यांसमोरच घेतला. पलीकडे वारा भणाणत होता.

"हुल्डा, वाढदिवसाच्या..." पुढचं वाऱ्यात गेलं.

"कुठे आहेस?"

"आठवीवर. नववी झाली, ही शेवटची. झालंच आता."

"थंडी आहे?"

"ऊन आहे. छान आहे."

"कर मग," हुल्डा म्हणाली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. मग तिने उठून भाषण केलं. सगळ्यांना हसवलं. नवऱ्याबद्दल म्हणाली, "त्याचं दुसरं कुटुंब फार मोठं आहे, नऊ जणी आहेत, आणि सगळ्या माझ्यापेक्षा तरुण." माणसं हसून हसून लोळली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्या बाल्कनीत बसलो होतो. ऊन छान होतं, खरंच छान होतं. हुल्डा म्हणाली, "मला वाटत होतं, त्याची वाट बघायचं माझं केव्हाच थांबलंय. म्हणून तर इथे आले. काल सारखं दाराकडे बघत होते मी, स्टेनुन. सत्तर वर्षांची बाई." मग ती रडली. मी तिचा हात धरला. आमच्या घरात हात धरायची पद्धत नाही, त्यामुळे दोघींनाही थोडं अवघडल्यासारखं झालं.

निघताना तिने मला सांगून ठेवलं, "त्याला सांग, या उन्हाळ्यात मी येणार नाही. रागावून नाही म्हणत. आता खरंच समजून घ्यायचा कंटाळा आलाय."

मी ते त्याला त्याच्या स्वयंपाकघरात सांगितलं. ओडगेर सुक्या माशाला लोणी लावत होता. तो लावतच राहिला, मासा दिसेनासा होईपर्यंत. मग म्हणाला, "बरोबर आहे तिचं." त्या दिवसापासून तो कॉफीच्या वेळी फोन करायचा आणि हुल्डा उचलायची नाही. फोन वाजून बंद व्हायचा. तो दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा करायचा.

इकडे हिरवळींचं काय झालं, तर काच काढल्यावर थोडे दिवस ऊन लागलं. गवताला वाटलं, वसंत आला. वितळलेलं पाणी ते भरपेट प्यायलं. मग उत्तरेचा वारा सुटला, नितळ आभाळ, कडाक्याची थंडी, आणि अंगावर पांघरायला चिमूटभर बर्फ नाही, कारण सगळा त्यानेच काढून फेकला होता. मार्च संपताना त्याने पुन्हा तुकडे कापून आणले. आठ डबे खिडकीत बसले. आठवडा गेला, आणखी एक गेला. मी रोज तलावावरून येताना डोकावायचे. पिवळं ते पिवळंच. लोकही यायचे बंद झाले. कुंडात मैदानाचा विषय निघाला की कोणी तरी मासळीच्या भावाचं काढायचं.

एप्रिलच्या अखेरीला टोकाचा रस्ता उघडला. ओडगेर माझ्या दाराशी आला. "येतेस का माझ्याबरोबर सातवीवर? एकट्याला नको वाटतंय."

तिथे बर्फ अजून ढिगाने होता. हिवाळाभर वाऱ्याने डोंगरावरचा बर्फ आणून वडिलांच्या त्या शेतात टाकला होता. पाऊस पडला तो वरच्या वर मुरला, काच धरली तीही वरच धरली, खालपर्यंत काही पोचलंच नाही. ओडगेरने कडेने फावडं घातलं. मी दुसऱ्या बाजूने. बऱ्याच वेळाने गवत लागलं. तो खाली वाकला, हातमोजा काढला आणि तळवा टेकवला. मग बाजूला सरकला, मला दिसावं म्हणून.

हिरवं होतं. नुकतं झोपेतून उठल्यासारखं चपटं झालेलं, पण हिरवं.

ओडगेर म्हणाला, "जिथे मी जिवाचं रान केलं तिथे सगळ्या मेल्या. इथे मी फिरकलोही नाही."

मला टोमणा सुचला होता, चांगला होता. पण त्याचं तोंड बघून तो मी गिळला.

त्याने खिशातून फोन काढला. कॉफीची वेळ नव्हती. कदाचित म्हणूनच हुल्डाने उचलला, काही तरी बरंवाईट झालं असं समजून.

"हुल्डा, आठ मेल्या," तो म्हणाला. "मी ज्या सांभाळल्या त्या."

तिने विचारलं, "आणि माझी?"

"तुझी जगली. मी गेलोच नव्हतो तिकडे."

"जगते," हुल्डा म्हणाली. "मीही जगलेच की."

ओडगेरने डोळे पुसले नाहीत, त्याला वाटलं असेल मला दिसत नाहीयेत. "मी येऊ का?" त्याने विचारलं. "आता बोलावलं नाहीस, तरी येऊ का?"

"आधी पेर त्या," ती म्हणाली. "लोकांना खेळू दे. उन्हाळा लोकांचा आहे. हिवाळ्यात ये. सबंध हिवाळा आलास तर ये, दोन आठवड्यांसाठी येऊ नकोस."

उन्हाळाभर ओडगेरने आठ हिरवळी पेरल्या, पाणी घातलं, चिमण्या हाकलल्या. गाव कडेच्या आखूड गवतावर खेळलं आणि कुरकुरलं. ऑगस्टपर्यंत नवं गवत उगवलं, बाळाच्या जावळासारखं. अशा कोवळ्या गवताचा पहिला हिवाळा सगळ्यात वाईट, हे आता मलाही माहीत आहे. एगिल दोनदा येऊन गेला. "हाच एक हिवाळा," तो म्हणाला, "मग खुशाल जा." मी दार लावून घेतलं, ओडगेरच्या घराचं, एगिलच्या तोंडावर. नंतर तलावावर त्याला टॉवेलही फाटका दिला.

ऑक्टोबरात ओडगेरने वाळू पसरली, आच्छादनं घातली, दगड ठेवले. मग निळी बॅग उचलून माझ्याकडे किल्ली द्यायला आला. किल्ली देऊन झाली तरी पाय निघत नव्हता.

"काच पडली तर..." त्याने सुरुवात केली.

"मी काही करणार नाही. मलाही गुडघे आहेत, आणि ते मला टिकवायचेत. जे होईल ते होईल."

"तेच सांगायला आलो होतो," तो म्हणाला. "काही करू नकोस."

आणि गेला.

तेव्हापासून रोज कॉफीच्या वेळी फोन येतो. मी त्या वेळी त्यांच्याच स्वयंपाकघरात असते, घर तापतं ठेवायला जावंच लागतं. चित्र नको म्हणाला ओडगेर, नुसतं बोलू. चित्र बघितलं तर त्याला राहवणार नाही असं मी समजले. तो इकडचं तिकडचं बोलतो. हुल्डाने त्याला भडक फुलांचा शर्ट घेतलाय. बटाटे तो सोलतो. संध्याकाळी तो बाल्कनीत बसतो तेव्हा खुर्ची वळवून उत्तरेकडे तोंड करून बसतो, हे मला हुल्डाने सांगितलं. "बघवत नाही गं," ती म्हणाली. "मी त्या खिडकीत अशीच दिसत असेन." सगळं बोलून झालं की शेवटी तो हळूच विचारतो, "बाहेर काय?" आणि मी सांगते, मऊ बर्फ आहे, कोरडा, गुडघाभर. परवापर्यंत ते खरंच होतं.

काल नव्हतं. काल दुपारपासून दक्षिणेचा वारा आणि पाऊस. हवामानवाले म्हणत होते, उद्या वारा फिरेल आणि गोठेल. फोन वाजला तेव्हा मी खिडकीशी उभी होते. पाऊस जोरात लागला होता. मनात म्हटलं, हा आत्ता विचारेल, आणि मी खरं सांगितलं तर उद्याच्या विमानाने येईल. नऊ हिरवळींसाठी येईल. आणि मग माझी बहीण पुन्हा कधी दाराकडे बघणार नाही.

"बाहेर काय?" ओडगेरने विचारलं.

"मऊ बर्फ," मी म्हणाले. "काल पडला तसाच. छान आहे."



"बरं," तो म्हणाला. "बरं झालं." आणि हुल्डाकडे फोन दिला.

हुल्डाने आवाज उतरवून विचारलं, "स्टेनुन, पाऊस पडतोय ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"आमच्या छपराचा पत्रा मला ऐकू येणार नाही? त्याच्याखाली आख्खा जन्म काढलाय मी."

"मग त्यालाही आला असेल ऐकू."

"आलाच. शेजारीच उभी होते मी. त्याच्या तोंडावरनं कळलं."

"काय करतोय तो? बॅग काढली?"

"नाही," हुल्डा म्हणाली. "आत गेलाय. बटाटे सोलतोय."

"फोन ठेवते," मी म्हणाले.

"नको, ठेवू नकोस," हुल्डा म्हणाली. "जरा वर धर ना. पत्र्याकडे. इथे पाऊसच पडत नाही गं."

मी खुर्चीवर चढले आणि फोन छताला लावून धरला. हात भरून आला तेव्हा खाली घेऊन कानाला लावला. पलीकडे दोघांचाही आवाज नव्हता. बटाटे सोलण्याचाही नव्हता. मी फोन पुन्हा वर धरला.